आई किंवा वडिलांना मानसिक आजार असेल तर मुलाचा ताबा: अर्ज, कागदपत्रं आणि सुनावणी

‘तिला मानसोपचारतज्ज्ञाच्या गोळ्या चालू आहेत, म्हणजे मूल मलाच मिळणार’ अशा खात्रीने कौटुंबिक न्यायालयाची पायरी चढणारे बरेच असतात. कायदा असं म्हणत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चा. तो 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 3 नुसार, केवळ आजाराचं निदान झालं म्हणून माणूस विकल मनाचा ठरत नाही. ते ठरवणं सक्षम न्यायालयाचं काम. ताब्याचा निर्णय 1890 च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे मुलाच्या हितावर होतो. हिंदू कुटुंबांत पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहतं (1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 6), पण तिथेही शेवटचा शब्द हिताचाच.

अर्ज कुठे करायचा

घटस्फोटाचा दावा चालू असेल तर त्याच न्यायालयात, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली. दावा नसेल तर 1890 च्या कायद्याखाली स्वतंत्र अर्ज. तो मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कौटुंबिक न्यायालयात करायचा. तिथे असं न्यायालय नसेल तर जिल्हा न्यायालयात. पालकत्वासाठी आजी-आजोबाही अर्ज करू शकतात. घरगुती हिंसाचाराची केस असेल तर दंडाधिकारी तात्पुरता ताबा देऊ शकतात. निकाल लांबतोच, म्हणून मुख्य अर्जासोबत अंतरिम (म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या) ताब्याचा किंवा भेटीचा अर्ज लावूनच टाका.

कागदपत्रं

नेहमीची: मुलाचा जन्मदाखला, लग्नाचा पुरावा, दोघांचे पत्ते, शाळेचं बोनाफाईड, फीच्या पावत्या, उत्पन्नाचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र.

आजार ज्याला आहे त्याने मात्र डॉक्टरांच्या दाखल्यावर वेळ घालवावा. ‘सदर रुग्ण माझ्या उपचाराखाली आहे’ एवढाच दाखला आणलात तर तो विरुद्ध बाजूच्याच कामाला येतो. दाखल्यात उपचार कधीपासून चालू आहेत, रुग्ण ठरल्या वेळी तपासणीला येतो का, आजार शेवटचा कधी उसळला, सध्या तब्येत स्थिर आहे का आणि मुलाचं रोजचं करण्यात अडचण येते का, हे सगळं यायला हवं. जोडीला केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं. आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मागण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 25 देतं, त्यामुळे दवाखाना टाळाटाळ करत असेल तर लेखी मागा. घरात हाताशी आजी किंवा मावशी असेल तर तिचंही प्रतिज्ञापत्र जोडा. याचा उपयोग लोकांना वाटतो त्यापेक्षा जास्त होतो.

आजार लपवू नका. उलटतपासणीत तो बाहेर आला की संशय आजारावर कमी आणि तुमच्या शब्दावर जास्त येतो.

आरोप समोरच्याने केला असेल तर

गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो आणि व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट म्हणजे आजाराचा पुरावा नव्हे. आजाराचा पुरावा दाखल झाला आणि दुसऱ्या बाजूने त्याला हरकत घेतली, तर मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 105 नुसार न्यायालयाने तो मुद्दा त्याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवायचा असतो. मंडळ स्वतः तपासून किंवा तज्ज्ञांची समिती नेमून मत कळवतं. ही हरकत लेखी घ्या. न्यायालय वैद्यकीय तपासणीचा आदेशही देऊ शकतं, पण त्यासाठी सकृतदर्शनी भक्कम कारण लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने शारदा विरुद्ध धर्मपाल (2003) मध्ये सांगितलं आहे. आदेश झाल्यावर तपासणीला नकार दिला तर त्याचा अर्थ तुमच्याविरुद्ध लावला जाऊ शकतो.

सुनावणीत काय बघतात

कौटुंबिक न्यायालयाचे विवाह समुपदेशक आजाराच्या नावापेक्षा दिनक्रमात जास्त शिरतात. डबा कोण भरतं? रात्री ताप चढला तर कोण उठतं? गोळीने झोप लागते तेव्हा मुलाजवळ कोण असतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच तयार ठेवा. उपचार मध्येच सोडणं, मुलासमोर हिंसा किंवा आत्महत्येचा प्रयत्न, आजार आहे हेच मान्य नसणं, या गोष्टी खरोखर विरोधात जातात. जाणत्या मुलाचं मतही न्यायाधीश विचारात घेतात.

निकाल सगळं किंवा काहीच नाही असा असेलच असं नाही. ताबा एकाकडे आणि दुसऱ्याला सुट्टीत मुक्काम, कुणाच्या तरी देखरेखीखाली भेट, व्हिडिओ कॉल, उपचार चालू ठेवण्याची अट, असेही आदेश होतात.

आई रुग्णालयात दाखल असेल तर

तीन वर्षांखालच्या मुलाला सर्वसाधारणपणे आईपासून तोडता येत नाही (मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 21). मुलाला धोका आहे किंवा त्याच्या हितासाठी व सुरक्षेसाठी ते गरजेचं आहे, असं उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं मत झालं तरच तात्पुरतं वेगळं ठेवता येतं. त्यातही देखरेखीखाली भेट चालू राहते, दर 15 दिवसांनी फेरविचार होतो आणि सलग 30 दिवसांपुढे संबंधित मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी लागते. सासरच्यांनी ‘बरी झाली की बघू’ म्हणत मूल नेलं असेल तर हे कलम वकिलांना दाखवा.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो. तब्येत सुधारली किंवा बिघडली तर बदलासाठी पुन्हा अर्ज करता येतो, नवा दाखला जोडून. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा. महिलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.