जपानी लाकडी ठशाचे छापचित्र : भिंतीवर लावण्यापूर्वी हे वाचा

तुम्ही आमच्याकडून घेतलेले, किंवा जपानहून आणून फ्रेम करायला आमच्याकडे दिलेले चित्र हे पोस्टर नाही. पोस्टरवर शाईचा थर कागदाच्या वर बसलेला असतो. इथे पाण्यात कालवलेला रंग हाताच्या दाबाने कागदाच्या तंतूंत उतरवलेला आहे. चित्राची किंमत, ते ओळखण्याची रीत आणि आमच्या दुकानाचे काही हट्ट, सगळे त्यावरूनच ठरते.

चित्र एकाचे, हात अनेकांचे

एदो काळात (१६०३–१८६८) हे काम वाटून होत असे. एक चित्रकार, एक लाकूड कोरणारा, एक छापणारा, आणि पैसा घालून तिघांकडून काम करून घेणारा प्रकाशक. चित्रावर सही चित्रकाराची, म्हणून होकुसाई आणि हिरोशिगे जगाला माहीत झाले. कोरणाऱ्यांची आणि छापणाऱ्यांची नावे बहुतेक वेळा मागेच राहिली. आम्हाला याची खंत वाटते, कारण तुम्ही चित्रात जे पाहता त्यातले निम्मे त्यांचे असते.

चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करून देतो. कोरणारा तो कागद पालथा घालून चेरीच्या फळीवर खळीने चिकटवतो, पाठीकडचा थर बोटांनी चोळून काढतो आणि दिसू लागलेल्या प्रत्येक रेषेच्या दोन्ही अंगांनी सुरी चालवतो. मूळ रेखाटन यात संपून जाते. स्त्रीच्या कपाळापाशी जिथे केस सुरू होतात तिथे भिंग धरून पाहा. तो एकेक केस म्हणजे उठून राहिलेली लाकडाची धार आहे. आजूबाजूचे लाकूड काढून ती जिवंत ठेवलेली आहे. चेरीचे लाकूड टणक आणि बारीक पोताचे, म्हणूनच ते हे सोसते. चेहरा आणि केस कसलेल्या कारागिराने कोरायचे, कपड्यांची नक्षी शिकणाऱ्यांनी, अशी पद्धत होती.

पुढे प्रत्येक रंगासाठी निराळा ठसा. चित्रकार सुझुकी हारुनोबुच्या काळात, १७६५च्या सुमारास, अशी अनेक रंगांची छपाई एदोत (आजच्या टोकियोत) रुळली. सगळे रंग नेमके जागेवर पडावेत म्हणून प्रत्येक फळीवर दोन खुणा कोरतात, एक कोपऱ्यात काटकोनी आणि एक कडेला सरळ. त्यांना ‘केंतो’ म्हणतात. छापणारा दर वेळी ओलसर कागद त्या खुणांना टेकवूनच खाली सोडतो. कागद ओला असल्याने फुगतो, म्हणून गठ्ठ्यातल्या सगळ्या कागदांची ओल सारखी राखावी लागते. नाहीतर खुणा बरोबर असूनही रंग सरकतो.

छपाईला यंत्र नाही. ठशावर ब्रशने रंग आणि चिमूटभर भाताची खळ पसरायची, वर कागद ठेवायचा आणि पाठीवरून ‘बारेन’ने घासायचे. बारेन म्हणजे बांबूच्या सोलपटाची दोरी वळून केलेली चकती, वरून सोलपटातच बांधलेली. एवढे घासूनही कागद फाटत नाही, कारण तो ‘कोझो’ या झाडाच्या सालीच्या लांब तंतूंचा असतो. एचिझेन भागातला असा कागद यासाठी नावाजलेला आहे.

आमच्या दुकानात सगळ्यात जास्त वेळ पाहिले जाणारे चित्र म्हणजे हिरोशिगेचे शिन-ओहाशी पुलावरच्या सरीचे, १८५७चे. त्यातला पाऊस दोन ठशांचा आहे, दोन्हींच्या रेषांचा कल किंचित वेगळा, म्हणून सर खरोखर कोसळते आहे असे वाटते. वरचा काळा ढग कोरलेलाच नाही. ओल्या फळीवर छापणाऱ्याने हाताने रंग पातळ करत नेला आहे. त्यामुळे कोणत्याही दोन प्रतींचे आभाळ तंतोतंत एक नसते. १८८७ साली व्हॅन गॉगने याच चित्रावरून तैलचित्र केले.

होकुसाईचे मोठ्या लाटेचे प्रसिद्ध चित्र, म्हणजे त्याची ‘लाट’, पाहून ग्राहक विचारतात, एवढीच? हो, साधारण २५ × ३७ सेंटिमीटर. मोठी दिसली तर ती वाढवून छापलेली नक्कल समजा.

नीट पारखून घ्या

चित्र उलटे करून पाहा. पाठीवर रंग झिरपलेला आणि बारेनच्या घासण्याच्या खुणा दिसल्या, तर ते हाताने छापलेले असण्याची शक्यता मोठी. भिंगातून रंगांचे बारीक ठिपके दिसले तर ते यंत्रावरचे. तिरप्या उजेडात धरले की रंगाशिवाय नुसत्या दाबाने उठवलेली नक्षीही कधी दिसते.

हाताने छापलेले असले म्हणजे जुनेच असते असे नाही. जुन्या चित्रांचे ठसे आज जपानमध्ये नव्याने कोरून त्याच पद्धतीने छापतात. आम्ही अशाच प्रती विकतो आणि पावतीवर तसे लिहून देतो.

आपल्या लोकांना मुद्दाम सांगावे असे एक नाव म्हणजे हिरोशी योशिदा. हा जपानी चित्रकार भारतात हिंडला आणि १९३१च्या सुमारास त्याने अजिंठा-वेरूळची छापचित्रे केली. स्वतःच्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतींच्या समासात तो ‘जिझुरी’ (म्हणजे ‘स्वतः छापलेले’) असा शिक्का उमटवी. म्हणून समास कापू नका. फ्रेमच्या मापात बसावे म्हणून समास उडवलेली चित्रे आमच्याकडे येतात तेव्हा फार वाईट वाटते. गेलेला शिक्का परत आणता येत नाही.

घरी काळजी

लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, फेविकॉलने पुठ्ठ्यावर चिकटवणे तर नकोच. आम्ही चित्र फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांवर गव्हाच्या खळीने टांगतो. कागद हवेप्रमाणे फुगतो, आक्रसतो. त्याला मोकळीक हवी. चित्र आतून किंचित लहरल्यासारखे दिसले तर तो दोष नाही. काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये आम्लरहित माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठ्याचा चौकोन) असतो. पाठीला थेट हार्डबोर्ड लावल्यास कागद तांबूस पडतो.

ऊन सगळ्यात वाईट. जुन्या चित्रांतला करडईच्या फुलांचा लाल आणि वनस्पतीचा निळा उजेडाने उडतो. १८३०च्या आसपास रूढ झालेला प्रशियन निळा त्या मानाने टिकाऊ. होकुसाईच्या लाटेत तोच आहे. तरी खिडकीसमोरची भिंत टाळा.

पावसाळ्यात बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र ठेवू नका. मुंबई-कोकणात तर जून ते सप्टेंबर ते उतरवून कोरड्या कपाटात उभे ठेवलेले बरे. काचेच्या आत पांढरे-करडे ठिपके दिसले तर ती बुरशी असते. फ्रेम उघडून ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, रंग पाण्यातलाच आहे. फ्रेमसकट आमच्याकडे आणा; तपासायचे पैसे आम्ही घेत नाही.