मुळी कधी खणावी? औषधी द्रव्ये, ऋतू आणि मराठवाडा

झाडाचा औषधी गुण ऋतूप्रमाणे कमीजास्त होतो, हे आपल्याकडे कुणाला पटवून द्यावे लागत नाही. लिंबाचा कोवळा पाला पाडव्याला खातात, निंबोळी मृगाच्या आगेमागे वेचतात, मुळी पाने वाळल्यावर काढतात. वाद आहे तो ही वेळ कशावरून ठरवावी याचा, आणि तो जुना आहे.

चरकसंहितेत फांद्या व पाने वर्षा-वसंतात, साल, कंद आणि चीक शरदात, तर झाडाचा गाभा हेमंतात घ्यावा असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेचे म्हणणे वेगळे. मुळे प्रावृट् ऋतूत (पावसाळ्याच्या सुरुवातीला), पाने वर्षेत, साल शरदात, चीक हेमंतात, गाभा वसंतात आणि फळे ग्रीष्मात घ्यावीत, असे काही आचार्य सांगतात, हे नोंदवून तिथे लगेच म्हटले आहे की हे बरोबर नाही. सौम्य (थंड गुणाच्या) औषधी सौम्य ऋतूंत घ्याव्यात, आग्नेय (उष्ण गुणाच्या) औषधी आग्नेय ऋतूंत. पुढे शार्ङ्गधरसंहितेने बहुतेक औषधींसाठी शरदच नेमून दिला आणि वमन-विरेचनाच्या (उलटी-जुलाब करवणाऱ्या) औषधींपुरता वसंताचा शेवट वेगळा काढला. चरकातल्या मुळांच्या सूचनेकडे मात्र नीट पाहायला हवे. ग्रीष्म किंवा शिशिर ही वेळ सांगताना, पाने गळून गेलेल्या किंवा पुरती वाढलेल्या झाडांची मुळे घ्यावीत, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे ऋतूच्या जोडीने झाडाची अवस्थाही पाहायची आहे. पुढे औषधी काढायला पुष्य नक्षत्राचा मुहूर्त लोकांच्या लक्षात राहिला, अवस्था मागे पडली.

विसाव्या शतकात रसायनशास्त्राने याला आकडे दिले. हिमालयातल्या सोमकल्प या झुडपात इफेड्रिन हे दम्यावरचे द्रव्य पावसाळ्यात घटते आणि पाऊस सरल्यावर, शरदात, सर्वांत चांगले भरते, हे १९३०च्या दशकापासून माहीत आहे. अफूच्या बोंडातले मॉर्फिन तर दिवसाच्या प्रहरागणिक बदलते. कारण समजायला अवघड नाही. ही द्रव्ये झाडाला वाढीसाठी फारशी लागत नाहीत. ती कीड, बुरशी, ऊन आणि तहान यांच्याशी झुंजायला लागतात. पाण्याची ओढ बसली की वाढ आधी थांबते, पण पानांत अन्न बनणे काही काळ चालूच राहते. या शिलकीतला कर्ब संरक्षणाच्या द्रव्यांकडे वळतो. भरपूर पाण्यावर वाढलेले झाड म्हणूनच वजनाला भारी आणि गुणाला पातळ निघू शकते. पण टक्का वाढला म्हणजे एकूण द्रव्य वाढले असे नाही. फार ताण बसला तर मुळीच इतकी बारीक राहते की एकरी हिशेबात तोटाच होतो.

मराठवाड्याला हे सर्वांत जवळून दिसते ते बांधावरच्या लिंबावर. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाडीने सगळे फस्त केले तरी लिंबाला तोंड लावले नाही, या निरीक्षणातून बाहेरच्या जगाचे लक्ष निंबोळीकडे गेले. तिच्यातले कीड रोखणारे द्रव्य, ॲझाडिरॅक्टिन, १९६८ साली वेगळे काढता आले. ते प्रयोगशाळेत पूर्णपणे बनवायला २००७ साल उजाडले, आणि तेही इतक्या पायऱ्यांनी की धंद्याला त्याचा उपयोग नाही. त्यामुळे सगळा भार आजही बीवर, म्हणजे ऋतूवर आहे. फळ हिरव्याचे पिवळे होताना बी चांगली भरते. पण आपल्याकडे तेव्हाच मृगाचा पाऊस येतो. पडलेली निंबोळी दोन दिवस ओल्या मातीत राहिली की बुरशी धरते, आणि घाईने कडक उन्हात वाळवली तर उन्हानेच ॲझाडिरॅक्टिन मोडते. कपाशीवर फवारायचा पाच टक्के अर्क, म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी पावडर, हे प्रमाण गावोगाव पाठ आहे. ती निंबोळी कधीची आणि कशी वाळवलेली, हे क्वचितच विचारले जाते. अर्क लागू पडला नाही की दोष लिंबाला लागतो.

सर्वांत मोठा गुंता झाला तो अश्वगंधेत. पाचशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस, हलकी निचऱ्याची जमीन, पाऊस ओसरताना पेरणी आणि पाच-सहा महिन्यांनी खणणी: कागदावर हे पीक मराठवाड्याच्या मुरमाड माळासाठीच बेतलेले दिसते. पाने वाळू लागली आणि फळे लाल-केशरी झाली की मुळी तयार. इथपर्यंत कुणाचे दुमत नाही.

प्रश्न उभा राहिला तो मुळीचा कस मोजायचा कसा, हे ठरवताना. बाजाराची प्रतवारी जाडी, लांबी आणि मोडल्यावर दिसणारा पांढरेपणा यांवर चालते. जाड, पांढरी, खटकन मोडणारी मुळी पिष्टमय असते, आणि पिष्ट म्हणजे औषध नव्हे. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधकोशाने एकूण अल्कलॉइड (नत्रयुक्त औषधी द्रव्ये) ०.२ टक्क्यांहून कमी नसावेत अशी अट घातली. पुढे उद्योगाचे लक्ष अश्वगंधेतल्या विथॅनोलाइड या द्रव्यांच्या गटाकडे वळले आणि अर्कांच्या डब्यांवर त्यांची टक्केवारी छापली जाऊ लागली. हा निर्णय सोयीचा होता. यंत्र एक आकडा देते, करारात तो लिहिता येतो. पण विथॅनोलाइड हे एक द्रव्य नाही, ते मोठे कुटुंब आहे. त्यातले विथाफेरिन-ए पानांत भरपूर असते, आणि मुळीत प्रमाण वेगळे असते. ऋतू बदलला, झाडाचे वय बदलले, की या घटकांचे आपसातले प्रमाणही बदलते. एकूण आकडा मात्र तोच राहू शकतो. मग मुळीच्या पावडरीत पाला मिसळला की आकडा स्वस्तात गाठता येतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या पातळीवरून उत्पादकांना अश्वगंधेची पाने वापरू नका असे कळवावे लागले, कारण परंपरेने आणि औषधकोशानेही औषध म्हणून फक्त मुळी मानली आहे.

एकूण टक्केवारीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की काहीच न मोजण्यापेक्षा हे बरे. ते खरे आहे. पण याचा फटका शेतकऱ्याला बसला, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पाने वाळेपर्यंत थांबून, पाखडून निव्वळ मुळी देणारा आणि पाल्यासकट भरणारा, दोघांच्या मालाला काट्यावर एकच भाव. थांबल्याने मुळीतले पाणी कमी होते, म्हणजे वजनही घटते. थांबण्याचे मोल भावात नसेल तर ऋतूचे शास्त्र शेतकऱ्याने स्वतःच्या खिशातून का पाळावे?

सफेद मुसळीत हेच आधी घडले होते. २००० नंतरच्या वर्षांत तिची मोठी हवा झाली, आणि तेव्हा पैसा होता बेण्यात. पाने गळाल्यावर कंद जमिनीत ठेवून सालीचा रंग गडद होऊ द्यायचा असतो. पण ओले, पांढरे कंद वजनाला चांगले भरत. बेण्याचा बाजार बसला तेव्हा औषध म्हणून विकायला गेलेल्यांना कस विचारला जाऊ लागला.

आता तर ऋतूच जागेवर नाहीत. सप्टेंबर २०२१ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने शेते पाण्याखाली गेली. मधल्या २०२३ मध्ये ऑगस्ट कोरडा गेला. हस्ताच्या सुमारास वाफसा येईल या हिशेबाने पेरलेली अश्वगंधा पाणी साचल्यावर मुळाशी सडते, आणि वाचली तर पाला हिरवाच ठेवून वाढत राहते. माघात खणा असे सांगणारे पत्रक अशा वर्षी चुकीचे ठरते. पान आणि फळ पाहून खणणारा मात्र चुकत नाही. त्याच्या मालाचा कस खरेदीच्या वेळी, त्याच्यासमोर तपासून भाव देण्याची सोय मोंढ्यावर अजून झालेली नाही.