बिडाचे कव्हर, अ‍ॅल्युमिनियमचे कव्हर आणि अडकलेले बेअरिंग

कोल्हापुरात उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंत विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या दुकानांत एक समजूत ठामपणे सांगितली जाते: मोटारीच्या टोकाला असलेल्या कव्हरमध्ये बेअरिंग अडकले की कव्हर तापवावे, ते सुटतेच. ही समजूत निम्मीच खरी आहे आणि उरलेल्या निम्म्या भागापायी चांगली कव्हरे तडकतात.

बेअरिंगमध्ये एकात एक अशा दोन रिंगा आणि त्यांच्यामध्ये छर्रे असतात. मोटारीत त्याची आतली रिंग शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, घट्ट बसवतात, कारण ती सैल राहिली तर शाफ्टवर घसरत राहून त्याला झिजवते. बाहेरच्या रिंगेला कव्हरमध्ये सहसा इतके घट्ट बसवत नाहीत. तरीही ती अडकते, आणि बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) कव्हरमध्ये याचे कारण बहुधा गंज हे असते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे, 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेकाठी पाण्याखाली गेलेल्या मोटारींसारख्या यंत्रांत रिंग आणि कव्हर यांच्यामधली फट गंजाने पाचरीसारखी भरून जाते.

आता तापवण्याकडे वळू. भोक असलेली वस्तू तापवली की धातू आतल्या बाजूला फुगून भोक लहान होईल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात वस्तूचे प्रत्येक माप सारख्याच प्रमाणात वाढते आणि भोकाच्या कडेचा परीघही त्याच प्रमाणात वाढत असल्यामुळे भोक मोठे होते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ती आधी लाल होईपर्यंत तापवतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

मात्र कव्हरबरोबर बेअरिंगही तापते आणि तेही वाढते. म्हणून कोण किती वाढले, यातला फरक महत्त्वाचा ठरतो. दोन अश्वशक्तीच्या आसपासच्या अनेक मोटारींत 6205 क्रमांकाचे बेअरिंग असते आणि त्याचा बाहेरचा व्यास 52 मिलिमीटर असतो. तापमान एका अंशाने वाढले की अ‍ॅल्युमिनियम दर दशलक्ष भागांमागे सुमारे 23 भागांनी, बेअरिंगचे पोलाद सुमारे 12 भागांनी आणि बीड सुमारे 11 भागांनी वाढते. कव्हर आणि बेअरिंग दोन्ही 80 अंशांनी तापवले, तर अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरचे भोक सुमारे 96 मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढते, रिंग मात्र 50 मायक्रॉननेच वाढते. म्हणजे पकड 46 मायक्रॉनने सैल होते आणि घट्ट बसवलेली रिंगही एवढ्याने बहुधा सुटते. बिडाच्या कव्हरचे भोक मात्र 46 मायक्रॉननेच वाढते. त्यामुळे दोन्ही एकसारखे तापले, तर बेअरिंग सुटण्याऐवजी सुमारे 4 मायक्रॉनने अधिकच आवळले जाते!

म्हणून बिडाच्या बाबतीत तापमानातील फरक मुद्दाम निर्माण करावा लागतो. कव्हर बाहेरून चहूबाजूंनी झपाट्याने तापवायचे आणि उष्णता आत पोहोचण्यापूर्वी काम उरकायचे. कव्हर 80 अंशांनी आणि बेअरिंग 30 अंशांनीच तापले असेल, तर रिंग सुमारे 19 मायक्रॉनने वाढलेली असते आणि पकड 27 मायक्रॉनने सैल होते. ज्योत एकाच जागी धरू नये, कारण बीड ठिसूळ असते आणि असमान तापले की तडकते. अ‍ॅल्युमिनियमवर तर थेट ज्योत धरूच नये; त्यापेक्षा हॉट एअर गन किंवा ओव्हन वापरावा.

‘एक फवारा मारा आणि काहीही सोडवा’ असा दावा करणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर फिरत असतात. अशा फवाऱ्यातले तेल गंजात झिरपून मदत करते, यात शंका नाही, पण मुळातच घट्ट बसवलेल्या धातूचा व्यास ते मायक्रॉनभरही बदलू शकत नाही. मोटारीला लिंबू-मिरची बांधल्यानेही तो बदलत नाही, हे वेगळे सांगायला हवे, कारण लिंबू-मिरची बांधलेली यंत्रे आजही दिसतात.

रिंग सैल झाल्यावर पुलरचे, म्हणजे बेअरिंग ओढून काढण्याच्या अवजाराचे, पाय शक्यतो बाहेरच्या रिंगेलाच लावावेत. आतल्या रिंगेला धरून ओढले, तर सगळे बळ छर्‍यांमधून जाते, त्यांच्या मार्गावर सूक्ष्म खळगे पडतात आणि ते बेअरिंग पुन्हा वापरण्यायोग्य राहत नाही. तेच बेअरिंग पुन्हा वापरायचे असेल, तर त्याचे तापमान 125 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये. नवे बेअरिंग बसवण्याआधी भोकातला गंज बारीक पॉलिश पेपरने काढावा आणि व्यास मोजूनच पुढे जावे, कारण जोरात घासलेल्या भोकात रिंग सैल पडून फिरू लागते आणि मग कव्हरच बदलावे लागते.