पोस्टरवरची कवटी पोरांना का अडवत नाही?

२६ जून म्हणजे कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांची जयंती. संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थविरोधी दिनही त्याच तारखेला येतो. शाळांच्या फेऱ्या निघतात, फलकांवर कवटी नि सुई असते, शेवटी सामुदायिक शपथ होते. यामागची तळमळ खरी असते. पण पोरं नशेकडं वळू नयेत असं मनापासून वाटत असेल, तर मोहीम वेगळ्या तऱ्हेनं आखावी लागेल.

नुसत्या उपदेशाचा प्रयोग अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर झाला. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ हा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातला पोलिस वर्गात येऊन ड्रग्जचे धोके समजावायचा. पुढं संशोधकांनी हे धडे घेतलेली आणि न घेतलेली मुलं दहा वर्षांनी गाठली, तेव्हा नशेच्या बाबतीत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक सापडला नाही. १९९८ पासून तिथल्या सरकारनं जाहिरात मोहिमेवर सुमारे १ अब्ज डॉलर ओतले. गांजाचं प्रमाण त्यानं घटल्याचं दिसलं नाही. उलट जाहिराती जास्त पाहणाऱ्या काही मुलांचा कल गांजाकडं थोडा वाढल्याची चिन्हं मिळाली. इतकं सांगतायत म्हणजे सगळेच ओढत असणार, असा मुलांचा समज होत असावा.

नुसता उपदेश कमी पडतो, त्याचं कारण मेंदूच्या वाढीत आहे. मजेची ओढ लावणारी, डोपामिन या मेंदूतल्या रसायनावर चालणारी यंत्रणा वयात येतानाच जोर धरते. ‘थांब, पुढं काय होईल बघ’ म्हणणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत राहतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १३ ते १६ वर्षांच्या मुलांना संगणकावर गाडी चालवायला दिली. मित्र शेजारी बघत असले, की ती एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका घ्यायची. प्रौढांवर मित्रांचा तसा परिणाम दिसला नाही. प्रश्नमंजूषेत सगळी उत्तरं बरोबर देणारा मुलगा संध्याकाळी टपरीवर ‘घे रे, एकदाच’ला हो म्हणतो, त्याचं कारण इथं सापडतं. माहिती त्याच्याकडं असते. त्या क्षणी जोर असतो तो सोबतच्यांचा.

म्हणून मोहिमेनं सोबत आणि संध्याकाळ ताब्यात घ्यावी. आइसलँडनं हेच केलं. दरवर्षी मुलांची निनावी पाहणी, खेळ आणि कलांच्या वर्गांना सरकारी पैसा, पालकांचे आपसांतले करार आणि रात्री मुलांनी किती वाजेपर्यंत बाहेर राहायचं याचा नियम. १९९८ साली तिथली १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुलं गेल्या महिन्यात दारूच्या नशेत होतो असं सांगत होती. २०१६ साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. देश छोटा आणि श्रीमंत आहे, त्यामुळं जसंच्या तसं इथं उचलता येणार नाही.

पण तालीम आपल्याकडं आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत पोरांचा फुटबॉल, कुस्ती, गणपती सगळं तालीम-मंडळांभोवती फिरतं. बाहेरून आलेल्या पाहुण्यापेक्षा आपल्याच संघातल्या मोठ्या खेळाडूचं चौदा वर्षांचं पोरगं जास्त ऐकतं. तेव्हा प्रशिक्षण आधी या खेळाडूंना द्यावं. सभागृहात कुणा माजी व्यसनी माणसाला बोलवून त्याची कहाणी ऐकवायचा मोह मात्र टाळावा. एवढ्यावर भागवलेल्या कार्यक्रमांचा उपयोग होत नाही, कधी अपायही होतो.

पहिलं पाऊल म्हणजे निनावी प्रश्नावली: काय, कधी, कुणाबरोबर. ती वर्गशिक्षकांनी किंवा पोलिसांनी भरून घेऊ नये. समवयस्क किती नशा करतात याचा अंदाज मुलं बहुधा फुगवून बांधतात, म्हणून ‘बहुतेक जण करत नाहीत’ हा त्यांचाच खरा आकडा त्यांच्यापुढं ठेवावा.

विषयही इथलेच हवेत. कोकेनचं चित्र दाखवून उपयोग काय, पोरांच्या हाती आधी सुपारी-तंबाखूचा मावा पडतो. त्यातल्या चुन्यामुळं तोंडातली लाळ अल्कधर्मी होते आणि तंबाखूतलं निकोटिन गालाच्या आतून झटकन रक्तात उतरतं. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. तिच्यामुळं गालाच्या आत ताठर पट्टे तयार होतात आणि तोंड पुरतं उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, ही तपासणी तालमीच्या कट्ट्यावर कुणालाही करता येते. चाळिशीतल्या कॅन्सरच्या फोटोपेक्षा आज तोंडात न मावणारं तिसरं बोट पोराला जास्त कळतं. व्यायामशाळांत मेफेंटरमाइनबद्दल स्पष्ट बोलायला हवं. भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वाढवायचं हे इंजेक्शन ताकदीसाठी टोचून घेतात. त्यानं हृदयाचे ठोके बेफाम वाढतात, भास होऊ शकतात, आणि सवयही लागते.

आणि ज्याला लागलीच आहे, त्याचं काय? पोलिसांच्या भीतीनं आईवडील गप्प बसतात. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम ६४-अ त्यांना माहीतच नसतं: थोड्या प्रमाणातल्या साठ्यासाठी किंवा सेवनासाठी आरोप असलेली व्यसनी व्यक्ती आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं. प्रत्येक तालमीत ही गोष्ट सांगू शकणारा निदान एक माणूस तयार करावा. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ हा क्रमांक त्याला पाठ हवा आणि गरज पडली तर त्या आईबरोबर बसून फोन लावायचीही त्याची तयारी हवी.