ज्यूरी खटल्यांवरील मर्यादा : ब्रिटिश संसदेतील वाद

इंग्लंड आणि वेल्समध्ये कोणते फौजदारी खटले ज्यूरीपुढे (दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे) चालावेत आणि कोणते न्यायाधीशाने वा मॅजिस्ट्रेटने एकट्याने निकाली काढावेत, यावरून ब्रिटिश संसदेत गेली सुमारे पन्नास वर्षे पुन्हा पुन्हा उफाळणारा वाद. ज्यूरी पूर्णपणे मोडीत काढावी अशी मागणी कोणताही मोठा पक्ष करत नाही. भांडण सीमारेषेचे आहे, आणि त्याहून जास्त ती रेषा कोणी आखायची याचे.

तेथे गुन्ह्यांचे तीन वर्ग आहेत. किरकोळ गुन्हे मॅजिस्ट्रेट न्यायालयातच संपतात. खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गंभीर गुन्हे क्राउन कोर्ट या वरच्या फौजदारी न्यायालयात बारा जणांच्या ज्यूरीपुढे जातात. मधल्या वर्गात चोरी, घरफोडी, अनेक प्रकारची फसवणूक असे गुन्हे येतात. मॅजिस्ट्रेट असा खटला चालवायला तयार असला, तरी आरोपी ‘मला ज्यूरी हवी’ असे म्हणू शकतो. सारा वाद या एका हक्काभोवती फिरतो. बहुसंख्य फौजदारी प्रकरणे मुळात मॅजिस्ट्रेटकडेच मिटतात आणि ज्यूरीपुढे फार थोडी पोहोचतात, हे येथे लक्षात ठेवायला हवे. तरी या हक्काचे मोल आकड्यांत मोजता येत नाही. साध्या चोरीच्या आरोपानेही एखाद्याची नोकरी आणि अब्रू जाते.

ज्यूरीचे स्वातंत्र्य सिद्ध झाले ते १६७० मध्ये. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे विल्यम पेन आणि विल्यम मीड यांना दोषी ठरवायला ज्यूरीने नकार दिला, तेव्हा न्यायालयाने ज्यूरीला अन्नपाण्याविना कोंडून ठेवले आणि दंड केला. दंड भरण्यास नकार देणाऱ्या बुशेल या ज्यूरी-सदस्याच्या अर्जावर मुख्य न्यायमूर्ती व्हॉन यांनी निर्णय दिला की, निकालाबद्दल ज्यूरीला शिक्षा करता येणार नाही. पुढे १९८५ मध्ये सरकारी गुपिते फोडल्याच्या आरोपातून क्लाइव्ह पॉन्टिंग या अधिकाऱ्याला ज्यूरीने मुक्त केले. न्यायाधीशांनी कायद्याचा लावलेला अर्थ त्याच्या विरोधात जाणारा होता. ज्यूरीचे समर्थक संसदेत या परंपरेकडेच बोट दाखवतात.

ज्यूरीची व्याप्ती कमी झाली ती बहुतेक वेळा गाजावाजा न होता. १९६७ च्या कायद्याने एकमताची अट सैल होऊन बारापैकी दहांचा निकाल ग्राह्य ठरला. १९७७ मध्ये दारू पिऊन वाहन चालवणे आणि १९८८ मध्ये साधी मारहाण व विनापरवानगी वाहन पळवणे हे गुन्हे फक्त मॅजिस्ट्रेटच्या कक्षेत गेले. उत्तर आयर्लंडमध्ये साक्षीदार आणि ज्यूरी यांच्यावरील दहशतीमुळे लॉर्ड डिप्लॉक यांच्या अहवालानंतर १९७३ पासून दहशतवादी गुन्ह्यांचे खटले ज्यूरीविना चालू लागले.

आरोपीच्या निवडीच्या हक्काला उघड हात घातला, तेव्हा मात्र संसद अडून बसली. मजूर पक्षाचे गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी १९९९ आणि २००० मध्ये आणलेली दोन्ही विधेयके लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात पडली. विरोधी बाकांवर असताना अशाच योजनेला स्वतः स्ट्रॉ यांनी विरोध केला होता. २००३ च्या कायद्यात गुंतागुंतीच्या आर्थिक घोटाळ्यांसाठी ज्यूरीविना खटल्याची तरतूद झाली, पण ती अमलात आणण्यासाठी दोन्ही सभागृहांची वेगळी संमती आवश्यक ठेवली गेली. २००५ मध्ये लंडनच्या ज्युबिली मेट्रो मार्गाच्या कंत्राटांतील भ्रष्टाचाराचा खटला सुमारे दोन वर्षे चालून कोसळला, आणि सरकारच्या हाती आयते उदाहरण आले. तरी २००७ मध्ये लॉर्ड्सनी त्यासाठीचे विधेयक रोखले आणि २०१२ मध्ये ती तरतूदच रद्द झाली. टिकली ती फक्त ज्यूरीवर दबाव येण्याचा धोका असेल तेथे तिला वगळण्याची तरतूद; तिच्याखाली हीथ्रो विमानतळावरील दरोड्याचा खटला २०१० मध्ये न्यायाधीशाने एकट्याने चालवला.

सध्याची फेरी तुंबलेल्या खटल्यांतून सुरू झाली. क्राउन कोर्टात २०१९ च्या अखेरीस सुमारे ३८ हजार प्रकरणे प्रलंबित होती. २०२५ मध्ये ती ७८ हजारांच्या पुढे गेली. निवृत्त न्यायाधीश सर ब्रायन लेव्हसन यांनी जुलै २०२५ च्या अहवालात मधल्या वर्गातील अनेक खटल्यांसाठी एक न्यायाधीश आणि दोन मॅजिस्ट्रेट असे पीठ सुचवले. २ डिसेंबर २०२५ रोजी न्यायमंत्री डेव्हिड लॅमी यांनी कॉमन्स या कनिष्ठ सभागृहात मांडलेल्या योजनेत हे दोन मॅजिस्ट्रेटही गळले: तीन वर्षांपर्यंत शिक्षेची शक्यता असलेले खटले न्यायाधीश एकटाच चालवील. याच लॅमी यांनी २०१७ च्या आपल्या अहवालात ज्यूरी वांशिक अल्पसंख्याकांशी भेदभाव करत नाही, असा निष्कर्ष काढला होता. म्हणून विरोधकांचा सर्वांत धारदार दाखला त्यांच्याच अहवालातून येतो.

सरकारची बाजू पोकळ नाही. वर्षानुवर्षे साक्षीसाठी ताटकळणारी बलात्कारपीडिता खटला सोडून देते, तेव्हा न्याय नाकारलाच गेलेला असतो. शिवाय ज्यूरी कारणे देत नाही आणि तिची चर्चा उघड करणे हा गुन्हा आहे. न्यायाधीशाला मात्र कारणे लिहावी लागतात आणि त्यांवर अपील करता येते. पण खटले तुंबले ते ज्यूरीमुळे, हे पटण्यासारखे नाही. ज्यूरी तेव्हाही होती, जेव्हा प्रलंबित प्रकरणे निम्मी होती. बंद केलेल्या न्यायालयीन इमारती, कमी केलेले कामकाजाचे दिवस, वकिलांची टंचाई आणि करोनाकाळ यांचा हिशेब आधी मांडायला हवा.

मुंबईने या प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली आहे. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहासाठी दोषी ठरवणाऱ्या नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपीय होते आणि निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. आरोपीच्या बरोबरीचे लोक निवडले नाहीत, तर ज्यूरी सत्तेचेच हत्यार होते, हे त्या खटल्याने दाखवले. १९५९ मध्ये नौदल अधिकारी नानावटी यांना खुनाच्या खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांनी तो निकाल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तेथे दोषसिद्धी झाली. विधी आयोगाने १९५८ मध्येच ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली होती, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती उरली नाही. ज्यूरीचा निकाल बाजूला ठेवून प्रकरण वर पाठवण्याचा जो अधिकार भारतातील सत्र न्यायाधीशाला होता, तो इंग्लंडमध्ये कधीच नव्हता. तेथे ज्यूरीने निर्दोष म्हटले की खटला संपतो.