लोपामुद्रा : एका दुर्मीळ नावाची पार्श्वभूमी

विदर्भाच्या राजकन्यांची नावं मराठी घरांत चांगली रुळली. रुक्मिणी विठोबाशेजारी उभी राहून रखुमाई झाली. दमयंती आणि इंदुमती आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत सहज भेटायच्या. याच विदर्भात वाढलेली आणखी एक राजकन्या मात्र बारशाच्या पाळण्यापर्यंत क्वचितच पोहोचली. ती लोपामुद्रा. अगस्त्य ऋषींची पत्नी आणि स्वतः ऋग्वेदातली मंत्रद्रष्टी, म्हणजे जिला मंत्र स्फुरले ती ऋषिका. ग्रंथांतल्या उल्लेखांचा क्रम लावला तर या चौघींत सर्वांत जुनं नाव तिचंच आहे.

ते पहिल्यांदा येतं ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात, १७९व्या सूक्तात. सूक्त सहाच ऋचांचं. परंपरेनुसार पहिल्या दोन लोपामुद्रेच्या, पुढच्या दोन अगस्त्यांच्या आणि शेवटच्या दोन त्यांच्या शिष्याच्या. सुरुवात ती करते: ‘पूर्वीरहं शरदः शश्रमाणा दोषा वस्तोरुषसो जरयन्तीः’. कित्येक शरद ऋतू मी रात्रंदिवस कष्टत आले, आणि उजाडणारी प्रत्येक पहाट म्हातारपण जवळ आणते आहे. लगेच पुढे ‘मिनाति श्रियं जरिमा तनूनाम्’, म्हातारपण देहाची शोभा हिरावून घेतं. दुसऱ्या ऋचेत ती नवऱ्यापुढे सरळ युक्तिवाद मांडते: ऋताला, म्हणजे विश्वाच्या नियमाला, धरून राहणारे, देवांशी सत्य बोलणारे पूर्वजसुद्धा अंताला पोहोचले नाहीत, तेव्हा पती-पत्नींनी एकमेकांजवळ यावं. तपात बुडालेल्या ऋषीला संसाराची आठवण करून देणारी ही बाई लाजत नाही, रडत नाही, विनवणीही करत नाही. आपलं म्हणणं नीट मांडते, आणि ते मान्य होतं. सहाव्या ऋचेत म्हटलंय, ‘उभौ वर्णावृषिरुग्रः पुपोष’, उग्र ऋषीनं दोन्ही वर्ण पोसले. या ‘दोन्ही’चा अर्थ बहुतेक अभ्यासक काम आणि तप असा लावतात. बृहद्देवता या ऋग्वेदातल्या देवतांवरच्या जुन्या ग्रंथात ब्रह्मवादिनींची, म्हणजे मंत्रद्रष्ट्या स्त्रियांची, जी यादी आहे, तिच्यात घोषा, अपाला, विश्ववारा यांच्याबरोबर लोपामुद्रेचं नाव आहे ते या सूक्ताच्या बळावर.

विदर्भाशी तिचं नातं जोडतं महाभारत. वनपर्वातली कथा अशी, की पितरांच्या सुटकेसाठी अगस्त्यांना अपत्य हवं होतं, पण मनासारखी पत्नी मिळेना. मग त्यांनी निरनिराळ्या प्राण्यांचं जे जे उत्तम अंग, ते मनानं गोळा करून एक कन्या घडवली आणि संततीसाठी तप करणाऱ्या विदर्भराजाच्या घरी तिला जन्म घ्यायला लावलं. नामकरणाचा प्रसंगही तिथं आहे: ‘लोपामुद्रेति तस्याश्च चक्रिरे नाम ते द्विजाः’. ब्राह्मणांनी नाव ठेवलं, पण का ठेवलं हे महाभारत सांगत नाही. अर्थाचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

कथेचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, पण नाव कळायला तोच जास्त उपयोगी आहे. लग्नानंतर अगस्त्यांच्या सांगण्यावरून ती भारी वस्त्रं-दागिने उतरवते, वल्कलं नेसते, गंगाद्वारी, म्हणजे हरिद्वारला, त्यांच्याबरोबर तप करते. पण अपत्याची गोष्ट निघते तेव्हा म्हणते, या वल्कलांत नाही. वडिलांच्या वाड्यात होती तशी शय्या हवी, अलंकार हवेत. माझ्याकडे धन कुठलं, असं अगस्त्य म्हणतात. तपाच्या बळावर तुम्हाला सगळं शक्य आहे, असं ती सुनावते. तप खर्ची घालायची त्यांची तयारी नसते, म्हणून ते राजांकडे मागायला निघतात. तीन राजे आपला जमाखर्च उघडून दाखवतात. आवक आणि खर्च सारखाच, शिल्लक काही नाही. यातून घेतलं तर प्रजेला त्रास होईल, म्हणून अगस्त्य घेत नाहीत. शेवटी जातात इल्वल या धनवान असुराकडे, आणि त्याच्या भावाला, वातापीला, पचवल्याची प्रसिद्ध गोष्ट तिथं घडते. ‘वातापि जीर्ण’ म्हणत बाळाच्या पोटावरून हात फिरवणाऱ्या आज्यांना ती गोष्ट ठाऊक होती. तिच्यामागे लोपामुद्रेचा हट्ट आहे हे कमी जणींना ठाऊक असेल. पुढे अगस्त्य विचारतात, हजार पुत्र हवेत, दहांच्या तोडीचे शंभर, शंभरांच्या तोडीचे दहा, की हजारांना भारी ठरणारा एक? ती एक मागते. तो दृढस्यु, म्हणजेच इध्मवाह.

आता अर्थ. सगळीकडे सांगितला जातो तो असा: हिला घडवताना प्राण्यांच्या सौंदर्याच्या खुणा, म्हणजे मुद्रा, लोप पावल्या, म्हणून लोपामुद्रा. ऐकायला छान आहे, पण ‘लोप’ आणि ‘मुद्रा’ यांचा साधा समास केला तर ‘लोपमुद्रा’ होईल. मधला ‘पा’ दीर्घ का, याचा उलगडा होत नाही. म्हणून जुन्या टीकाकारांनी ‘लोपा’ हे वेगळं पद मानून, इतर स्त्रियांचा रूपाचा अभिमान लोपवणारी ती लोपा, असाही अर्थ लावला. मला हे दोन्ही अर्थ नावानंतर बसवलेले वाटतात. वैदिक नावांच्या बाबतीत असं पुष्कळदा होतं: नाव आधी, गोष्ट नंतर. नावांच्या याद्यांत ‘अगस्त्य ऋषींची पत्नी’ एवढंच लिहून मोकळं होतात, ते तर तिच्यावर अन्यायाचंच आहे.

नाव मागे का पडलं, याचं एक उत्तर नावं ठेवण्याच्या जुन्या नियमांत सापडतं. मुलीचं नाव कसं असावं हे मनुस्मृती एका श्लोकात सांगते: उच्चाराला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट असलेलं, मनोहर, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेलं आणि आशीर्वादासारखं. पारस्कर गृह्यसूत्राला मुलीच्या नावात विषम अक्षरं हवीत. लोपामुद्रेत अक्षरं चार, अर्थ धूसर, आणि सुरुवातीलाच ‘लोप’. अर्थात नियम कुणी काटेकोर पाळले असंही नाही. चार अक्षरं दमयंतीतही आहेत. नदीचं नाव असलेली मुलगी लग्नासाठी टाळावी असं मनू सांगतो, तरी आपल्याकडे गंगा, यमुना, गोदावरी घरोघरी नांदल्या. अडलं ते मंगलपणाशी. लेकीच्या नावात नाहीसं होण्याचा शब्द कुणालाच नको होता, आणि ते समजण्यासारखं आहे.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट आड आली. लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहायची रीत. यमुनेची आनंदीबाई जोशी झाली, दुसऱ्या यमुनेची रमाबाई रानडे झाली. या दुसऱ्या नावात बऱ्याचदा देवीचं नाव यायचं. एकीला दोनदा नाव मिळायचं, पण वैदिक ऋषिकेचा विचार दोन्ही वेळा मनात यायचा नाही.

नाव कानावर नव्हतं असं मात्र नाही. गुरुचरित्राच्या ३१व्या अध्यायात देवगुरू बृहस्पती अगस्त्यांच्या आश्रमात येऊन लोपामुद्रेच्या पातिव्रत्याची थोरवी गातात. स्कंदपुराणाच्या काशीखंडातली ही कथा सप्ताहाच्या पारायणातून मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या वाचली गेली. पण ही लोपामुद्रा वेगळी. ऋग्वेदात बोलणारी ती, इथं तिच्याबद्दल इतर बोलतात. पतिव्रता म्हणून सीता आणि सावित्री आपल्याकडे होत्याच. त्या रांगेत लोपामुद्रेचं स्वतःचं असं काही उरलं नाही. देवीची उपासना करणाऱ्या शाक्त परंपरेनं मात्र तिचा आब राखला. श्रीविद्या या देवीच्या मंत्रोपासनेतला हादिविद्या नावाचा मंत्र तिच्या नावानं ओळखला जातो आणि ललितासहस्रनामात देवीचं एक नावच ‘लोपामुद्रार्चिता’ आहे, लोपामुद्रेनं पूजलेली. कर्नाटकातल्या कोडगूकडे (कूर्ग) कावेरी नदी म्हणजेच अगस्त्यांची लोपामुद्रा, अशी श्रद्धा आहे.

ब्रह्मवादिनींची नव्यानं ओळख झाल्यावर गार्गी आणि मैत्रेयी ही नावं पटकन उचलली गेली; सुटसुटीत, उपनिषदांतल्या संवादांमुळे शाळेपासून ओळखीची. बंगाल आणि ओडिशात लोपामुद्रा हे नाव आपल्यापेक्षा अधिक कानावर येतं. गायिका लोपामुद्रा मित्र हे ठळक उदाहरण. बंगाली घरांत चारचौघांतलं नाव आणि घरी हाक मारायचं नाव वेगळं असतं, त्यामुळे लांब संस्कृत नावाचं तिथं ओझं होत नसावं. आपल्याकडे ‘बिग बॉस’च्या दहाव्या पर्वामुळे लोपामुद्रा राऊत घराघरांत पोहोचली, आणि ती नागपूरची, म्हणजे थेट विदर्भकन्याच.

हल्ली या नावापर्यंत येण्याची वाट बऱ्याचदा पंचांगातून जाते. भरणी नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं ली, लू, ले, लो. चौथ्या चरणावर जन्मलेल्या मुलीसाठी ‘लो’वरून नाव शोधायला बसलं की लोचना वगैरे दोन-चार नावांनंतर लोपामुद्राच समोर येते. असं अक्षरावरून का होईना, नाव ठेवलं जात असेल तर मला त्याचा आनंद आहे. हाक मारायला लोपा आहे, मुद्रा आहे. फक्त जन्मदाखल्यावर ‘लोपमुद्रा’ लिहिलं जाणार नाही याकडे लक्ष द्यावं. ही चूक सर्रास होते, आणि रोमन लिपीत ऱ्हस्व-दीर्घ कळत नसल्यानं नंतर कुणाच्या ध्यानातही येत नाही. ऋग्वेदातलं रूप ‘लोपामुद्रा’ आहे, ‘पा’ला काना देऊन.