सातारा-सांगलीतील सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांसाठी वरिष्ठ व निवड श्रेणी प्रशिक्षण : पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रे

माध्यमिक शाळेत इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल शिकवत विषयप्रमुख, पर्यवेक्षक किंवा उपमुख्याध्यापक या जबाबदारीपर्यंत पोहोचलेल्या अनेक शिक्षकांचा असा समज असतो की, पद मिळाले म्हणजे वाढीव वेतनाची श्रेणीही ओघाने मिळेल. प्रत्यक्षात वरिष्ठ वेतनश्रेणी आणि निवड श्रेणी या दोन्ही बाबी अर्हताकारी सेवा (श्रेणीसाठी ग्राह्य धरली जाणारी सेवा), शैक्षणिक पात्रता आणि विहित सेवांतर्गत प्रशिक्षण यांवर अवलंबून असतात, आणि पर्यवेक्षकपदाचा आदेश हा त्यांतील कशाचाही पर्याय ठरत नाही.

या श्रेणींचे मूळ शिक्षकांविषयीच्या राष्ट्रीय आयोगाच्या, म्हणजे चट्टोपाध्याय आयोगाच्या शिफारशींत असून, महाराष्ट्रात २ सप्टेंबर १९८९ च्या शासन निर्णयाने त्या लागू झाल्या. प्रशिक्षित शिक्षकाची १२ वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण झाल्यावर तो वरिष्ठ श्रेणीसाठी विचारात घेतला जातो. वरिष्ठ श्रेणीत आणखी १२ वर्षे, म्हणजे एकूण २४ वर्षे झाल्यावर निवड श्रेणीचा प्रश्न येतो. मात्र ती सरसकट मिळत नाही. संवर्गातील वरिष्ठ श्रेणीच्या पदांपैकी २० टक्के पदांपुरतीच तिची मर्यादा आहे आणि त्यासाठी सेवेत असताना शैक्षणिक अर्हता वाढवलेली असावी लागते. बी.ए., बी.एड. झालेल्या सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाने म्हणूनच विसाव्या वर्षाची वाट न पाहता पदव्युत्तर पदवीचा विचार आधीच करावा. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून इतिहास, राज्यशास्त्र यांसारख्या विषयांत एम.ए. नोकरी सांभाळून करता येते. प्रवेशापूर्वी संस्थेची लेखी परवानगी घेणे आणि निकालानंतर त्या पदवीची नोंद सेवापुस्तकात करून घेणे, या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाले की पुढे प्रस्ताव हमखास त्रुटीत निघतो.

मुख्याध्यापकपदाची पात्रता हा वेगळा विषय आहे. खासगी शाळांसाठी १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार पदवीनंतर पूर्णवेळ अध्यापनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव आणि त्यातील किमान दोन वर्षे बी.एड. नंतरची असावी लागतात. प्रत्यक्ष निवड ज्येष्ठतेने होते. छत्रपती संभाजीनगरच्या ‘मीपा’ या शैक्षणिक नियोजन व प्रशासनाच्या राज्यस्तरीय संस्थेकडून होणारी शालेय नेतृत्वविषयक प्रशिक्षणे उपयुक्त आहेत आणि करावीतच, परंतु त्यांचे प्रमाणपत्र श्रेणी प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राऐवजी जोडू नये.

२० जुलै २०२१ च्या शासन निर्णयानंतर श्रेणी प्रशिक्षणाची जबाबदारी पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. २०२२ मध्ये हे प्रशिक्षण इन्फोसिसच्या मंचावरून ऑनलाइन झाले, तर २०२५ मध्ये जून महिन्यात प्रत्यक्ष उपस्थितीने घेण्यात आले आणि त्यासाठी प्रत्येकी २,००० रुपये शुल्क होते. प्रत्येक फेरीचे परिपत्रक स्वतंत्र निघते, त्यामुळे सेवा मोजण्याचा अंतिम दिनांक, शुल्क आणि मुदत त्या-त्या परिपत्रकातूनच पाहावी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या सूचनेवर विसंबू नये. जिल्हा पातळीवरील चौकशीसाठी साताऱ्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था फलटणला आहे, हे जिल्ह्यात नव्याने आलेल्यांनी लक्षात ठेवावे. सांगली जिल्ह्याची संस्था सांगलीतच आहे.

नोंदणी ऑनलाइन असून ती शालार्थ क्रमांकाच्या, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन वेतन प्रणालीतील शिक्षकाच्या क्रमांकाच्या आधारे होते. सर्वांत महागात पडणारी चूक गट निवडण्याची आहे. प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक आणि अध्यापक विद्यालय असे चार गट असतात, आणि आपण आज कोणत्या वर्गाला तास घेतो यापेक्षा शिक्षणाधिकाऱ्यांनी दिलेली आपली मान्यता कोणत्या पदावर आहे यावरून गट ठरवावा. कनिष्ठ महाविद्यालय जोडलेल्या शाळेत राज्यशास्त्राचे काही तास अकरावीला घेणारा माध्यमिक शिक्षक इथेच घोटाळ्यात पडतो. वरिष्ठ श्रेणी की निवड श्रेणी, हेही अर्ज अंतिम करण्यापूर्वी पुन्हा तपासावे. नाव मान्यतेच्या आदेशाप्रमाणेच भरावे. विवाहानंतर नाव बदलले असल्यास राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाताशी ठेवावे.

प्रशिक्षण पूर्ण झाले म्हणजे श्रेणी मंजूर झाली असे होत नाही. त्यानंतर मुख्याध्यापकांमार्फत आणि संस्थेमार्फत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात स्वतंत्र प्रस्ताव जातो. त्यात पहिल्या नियुक्तीचा आदेश, शिक्षणसेवक कालावधी असल्यास त्याचा व नियमित नियुक्तीचा आदेश, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, पदवी, बी.एड. व पदव्युत्तर परीक्षांची गुणपत्रके आणि प्रमाणपत्रे, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, गोपनीय अहवाल, विभागीय चौकशी चालू नसल्याचा मुख्याध्यापकांचा दाखला आणि सेवापुस्तकाच्या संबंधित पानांच्या साक्षांकित प्रती लावाव्यात. राखीव जागेवर नियुक्ती असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. पर्यवेक्षक किंवा उपमुख्याध्यापक म्हणून काम करत असल्यास त्या पदोन्नतीच्या मान्यतेची प्रतही जोडावी, म्हणजे सेवेचा क्रम वाचणाऱ्याला प्रश्न पडत नाही. निवड श्रेणीसाठी ज्येष्ठता यादी अनिवार्यच समजावी, कारण २० टक्क्यांचे गणित तिच्यावरूनच मांडले जाते.

साताऱ्यात मुख्यालय असलेल्या रयत शिक्षण संस्थेसारख्या अनेक शाळांच्या संस्थांत बदल्या नियमित होतात, आणि एका शिक्षकाची सेवा तीन-चार तालुक्यांत, कधी दोन-तीन जिल्ह्यांत विभागलेली असते. अशा वेळी प्रत्येक शाळेतील रुजू व कार्यमुक्त दिनांक सेवापुस्तकात सलग जुळतात का, मधल्या विनावेतन रजेची नोंद आहे का, हे प्रस्तावापूर्वी स्वतः बसून पाहावे. जुन्या शाळेतील नोंदीवर सही राहिली असेल तर ती तिथल्या मुख्याध्यापकांकडूनच घ्यावी लागते आणि त्यात महिना सहज जातो.

प्रस्तावाची एक पूर्ण प्रत स्वतःकडे ठेवून कार्यालयातून आवक क्रमांक व दिनांक घ्यावा. मंजुरीचा आदेश आल्यावर वेतननिश्चिती होते, जादा प्रदान झाल्यास वसुलीस संमती असल्याचे हमीपत्र द्यावे लागते, आणि वेतन पथकाकडे (शाळांची वेतन देयके तपासणाऱ्या कार्यालयाकडे) देयक जाण्यापूर्वी आदेशाची व नव्या वेतनाची नोंद सेवापुस्तकात सहीशिक्क्यासह झाल्याची खात्री करावी.